अकरा तांडेलांचं एकमत

मोरखोलच्या जोमा तांडेलाने सरकारी कागदावर आयुष्यात एकदाच जबानी दिली, आणि त्या एकाच वेळी तो गडी नेमका खरं बोलला. एरवीचा जोमा म्हणजे थापांचं गोदाम. त्याच्या सांगण्याप्रमाणे एकदा त्याच्या होडीचा नांगर एका देवमाशाच्या शेपटीत अडकला आणि त्या माशाने त्याला थेट कराचीपर्यंत ओढत नेलं. तिथल्या धक्क्यावर चहा पिऊन, त्याच माशाला सुक्या बोंबलाचं आमिष दाखवत दाखवत, जोमा संध्याकाळच्या जेवणाला घरी हजर. कराचीच्या चहात साखर कमी होती, हेही तो आवर्जून सांगे. थाप मारणाऱ्याने बारकाव्यात कंजुषी करू नये, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

ही हकिगत त्याच्या नातीने, हेमांगीने, चौथीत असताना ‘माझे आजोबा’ या निबंधात जशीच्या तशी लिहिली. बाईंनी तो वर्गात मोठ्याने वाचला. सगळा वर्ग बाकं बडवत हसला, आणि पुढची सहा वर्षं हेमांगीचं शाळेतलं नाव ‘कराची’ पडलं. त्या दिवसापासून तिने आजाच्या गोष्टी ऐकणं सोडलं. खोट्याची चीड तिच्या अंगात अशी भिनली की मोठेपणी तिने पोटापाण्यासाठी धंदासुद्धा तोच धरला. हेमांगी चोगले नियम-तपासनीस झाली.

हा काय प्रकार, ते आधी समजून घ्यायला हवं.

सन दोन हजार सत्तेचाळीस. त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी आपलं आपण शिकणारी यंत्रं सगळीकडे बोकाळली होती. सल्ला झकास द्यायची, पण ‘का?’ विचारलं की मुकी. अशा मुक्या सल्ल्याने काही होड्या खडकावर चढल्या, तेव्हा कायदा झाला: जिथे जिवाशी गाठ आहे तिथे यंत्राने सल्ल्याबरोबर कारण द्यायचं, आणि कारणाखाली एखाद्या हाडामांसाच्या माणसाचं नाव असायला हवं. त्यामुळे एक जुनी पद्धत माळ्यावरून खाली उतरली. जर असं असेल, तर तसं करा. असले हजारो नियम जाणत्या माणसांकडून गोळा करायचे, आणि ते एकमेकांना जोडत निष्कर्षापर्यंत जाणारं यंत्र बसवायचं. किनाऱ्यावरच्या होड्यांना वाट दाखवणाऱ्या अशा यंत्राला कोळी लोक ‘वाटाड्या’ म्हणत. सरकारी नाव चार ओळींचं होतं, ते खुद्द सरकारलाही आठवत नसे.

नकाशे नव्हते का? होते की. पण खाडीच्या तोंडाशी वाळू दर उधाणाला कूस बदलते. नकाशा छापून सुकतो, तोवर खोटा ठरतो. गढूळ पाण्याच्या पोटात काय आहे ते आकाशातल्या उपग्रहाला दिसत नाही. ते तांडेलांना ठाऊक. तांडेल म्हणजे होडीचा मुखत्यार, त्याचा शब्द खलाशांना देवाचा. असे शेकडो तांडेल गाठून नऊ हजार नियम जमवले गेले.

आता नऊ हजार नियम एका पोत्यात भरले की ते आपसांत भांडणारच. दोन गावच्या तांडेलांनी एकाच वाऱ्यात दोन दिशा सांगितलेल्या असतात. कधी एक नियम दुसऱ्याला गिळून बसतो आणि बिचाऱ्या दुसऱ्याची पाळी कधीच येत नाही. कधी नियम आपलीच शेपटी धरून गोल फिरतात. एका गावाने सांगितलं होतं, ‘पलीकडल्या गावच्या होड्या निघाल्या की निघावं.’ पलीकडल्या गावाने सांगितलं, ‘अलीकडल्या निघाल्या की निघावं.’ वाटाड्याने दोन्ही प्रामाणिकपणे पाळले, आणि लख्ख उन्हात, आरशासारख्या समुद्रासमोर दोन्ही गावं तीन दिवस एकमेकांकडे बघत बसली. तो गुंता हेमांगीने सोडवला, तेव्हा दोन्ही गावांनी तिला सुरमई पाठवली.

या कामी तिच्या हाताशी एक यंत्र होतं, त्याचं नाव ‘चाळण’. चाळण रात्रंदिवस नियमांच्या जोड्या लावी, लुटुपुटीचे लाखो प्रवास खेळून बघी, आणि जिथे भांडण दिसेल तिथे लाल खूण करी. दोन नियमांत वाद झाला, तर चाळण सांगणाऱ्यांची पत बघे. प्रत्येक तांडेलाला गावकऱ्यांना विचारून दहापैकी गुण दिलेले होते. ज्याची पत मोठी, त्याचा नियम चालू, दुसऱ्याचा झोपवलेला. हेमांगीची ख्याती अशी, की चाळणीला न दिसलेलं भांडणही तिला वासावरून कळतं. अलिबागच्या मार्गदर्शन केंद्रात नवी माणसं तिच्यामागे उभी राहून तिचं काम बघत. ती नियम वाचत नसे, ऐके. एखादी जाणती बाई ताटातल्या तांदळावरून बोट फिरवून खडा काढते, तशी.

एकच ताट तिने कधी पुढे ओढलं नव्हतं. आपल्या गावचा नियम आपण तपासायचा नाही, असा केंद्राचा दंडक होता. म्हणून मोरखोलच्या नियमांना चौदा वर्षांत तिचं बोट लागलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी अवेळी वादळ उठलं. साडेदहाच्या सुमाराला मोरखोलच्या अकरा होड्या घाईने परतत होत्या. वाटाड्याने अकराही जणांना सांगितलं, ‘खाडीच्या मुखातल्या खडकाच्या उत्तरेकडून या.’ अकराही जणांनी ‘बरं’ म्हटलं, आणि अकराही होड्यांवरच्या, ठावठिकाणा सांगणाऱ्या डब्या पटापट बंद पडल्या. वीस-बावीस मिनिटांनी त्या चालू झाल्या, तेव्हा होड्या खाडीच्या आत सुखरूप उभ्या.

केंद्रात पडद्यासमोर बसलेल्या हेमांगीच्या भुवया वर गेल्या. एक डबी बिघडते. अकरा डब्या बिघडत नाहीत, बंद केल्या जातात.

तेवढ्यात समुद्रावरून हाक आली. खालच्या किनाऱ्यावरचा ट्रॉलर होता, तांडेलाचं नाव इक्बाल होडेकर. त्याच्यामागे इंजिन गेलेला दुसरा ट्रॉलर दोरखंडाने बांधलेला. दोन्हीवर मिळून सतरा माणसं.

“ताई, वाऱ्याने दोर तुटायच्या बेतात आहे. जवळची खाडी कुठली?”

“मोरखोल. किती वेळात पोहोचाल?”

“सव्वा वाजेल. तेव्हा ओहोटी असेल ना?”

असणार होती. तीही उधाणाची, म्हणजे पाणी तळाला लागेपर्यंत ओसरणारी. वाटाड्याने क्षणात सल्ला दिला: उत्तरेची वाट. हेमांगीने ‘का?’ची कळ दाबली. पडद्यावर सहाशे बारावा नियम उमटला: ‘जर उधाणाची ओहोटी आणि नैऋत्येचा वारा असेल, तर म्हातारीच्या खडकाच्या उत्तरेने यावं. दक्षिणेला खडकाळ, पाणी अर्धा वाव, तिकडे जाऊ नये.’ अर्धा वाव म्हणजे जेमतेम कमरेएवढं पाणी. खाली अकरा तांडेलांची नावं. सगळ्यांची पत नऊ.

आणि त्याच्या खाली, फिकट अक्षरांत झोपवलेला, सहाशे तेरावा: ‘उत्तरेची वाट वाळूने कधी बुजेल, नेम नाही. दक्षिणेला डोह आहे, पाणी आठ वाव, ऐन तुफानात तिथूनच यावं.’ सांगणार जोमा तांडेल. पत एक.

तो एक तिनेच लिहिला होता. चौदा वर्षांपूर्वी नियम गोळा करणारे लोक मोरखोलला आले, तेव्हा गावातली नवी पदवीधर म्हणून लिहून घ्यायचं काम तिच्याकडे आलं. कुणीतरी हसत म्हणालं, “जोमाला किती?” ती हसली नाही. दहापैकी एक, असं तिने नीट, ठळक लिहिलं.

आता तिने अकरा जबान्या एकाखाली एक लावल्या आणि तिच्या हाताला खडा लागला.

बोंबील किती दिवस वाळवावा यावर मोरखोलच्या अकरा तांडेलांचं एकमत नव्हतं. वारा कुठून येतो यावर एकदा लग्नाच्या पंगतीत मारामारी झाली होती. बाकीच्या प्रत्येक नियमात कुणी दोन वाव म्हणे, कुणी अडीच, कुणी ‘माझ्या बापाच्या वेळी तीन होतं’. आणि या एकाच प्रश्नावर अकराही जण शब्दाला शब्द एकच बोलले होते: दक्षिणेला खडकाळ, पाणी अर्धा वाव, तिकडे जाऊ नये. शाळेत सगळ्या वर्गाचं गणित एकाच जागी चुकलं, की मास्तर काय समजतात?

चाळण भांडणं शोधते. एकमताला ती हात जोडते. तांदळाच्या रंगाचा, तांदळाएवढाच खडा तिच्यातून सरळ खाली जातो.

हेमांगीने मोरखोलच्या होड्यांच्या दहा वर्षांच्या फेऱ्या नकाशावर एकदम उमटवल्या. खाडीभर रेघांचं जाळं झालं. फक्त म्हातारीच्या खडकाच्या दक्षिणेला एक गोल पांढराशुभ्र राहिला. हजारो रेघा त्या गोलाच्या एका काठाला तुटत होत्या आणि दुसऱ्या काठाला पुन्हा सुरू होत होत्या. गावाने त्या जागी दहा वर्षं डब्या बंद ठेवल्या होत्या, आणि न दिसण्यानेच ती जागा नकाशावर डोळ्यासारखी उघडी पडली होती.

तिने गावच्या प्रमुखाला, बाळाराम नाखव्याला फोन लावला. बाळाराम म्हणजे सरळ माणूस. वजनात माशाची शेपूटसुद्धा न चोरणारा.

“बाळाराममामा, म्हातारीच्या दक्षिणेला पाणी किती?”

“कोन इचारतंय? आमची पोरगी का सरकार?”

“दोघी.”

“मग सरकारला सांग, खडक हाय.”

“आणि पोरीला?”

“पोरीच्या लग्नात जिताडा मासा वाढला व्हता. धा-धा किलोचा येक. तवा तिनं इचारलं नाय, कुठून आला म्हणून.”

“मामा, दोन ट्रॉलर येतायत. सतरा माणसं आहेत.”

“ट्रॉलर!” बाळारामचा आवाज फाटला. “त्यांच्यापासूनच तर लपवलाय गो. येकदा का त्यांना डोह कळला, दोन हंगामात पोरांना दाखवायला बी जिताडा ऱ्हायचा नाय. आमी अकरा जनांनी देवीम्होरं नारळ ठेवून शब्द दिलाय.”

“आणि उत्तरेची वाट? ती तरी चालू आहे?”

“व्हती. नवीन धक्का बांधलान ना त्या बाजूला, तवापासून वाळू चढलीया. दोन वरसं झाली, आमी तिकडून येत नाय.”

“मग हे सांगितलं का नाही कुणी?”

“सांगितलं आसतं, तर इचारलं आसतं, मग येता कुठून?” आणि फोन बंद झाला.

लबाडीचं असंच असतं. पहिली थाप एकटी ठेवता येत नाही, तिला सोबत लागते. चौदा वर्षांपूर्वी ती थाप निरुपद्रवी होती. उत्तरेची वाट चांगली होती, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढे वाळू सरकली, आणि तो निरुपद्रवी नियम सतरा माणसांच्या अंगावर चाल करून निघाला.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. हेमांगीने दुसरा फोन केला, जो ती सणासुदीशिवाय करत नसे.

“आजा, मी हेमांगी. डोहाबद्दल सांग.”

चौऱ्याऐंशी वर्षांचा आवाज लगेच खुलला. “डोह! अगो, येकदा त्या डोहात येक जिताडा घावला, त्याच्या पोटात चालू घड्याळ...”

“आजा!” ती ओरडली. केंद्रातल्या माना वळल्या. “सतरा माणसं बुडतील. मला गोष्ट नको.”

यावर पलीकडून आलेला आवाज तिने आयुष्यात ऐकलेला नव्हता. कोरडा, सपाट.

“किती वाजता मुखात?”

“सव्वा एक.”

“इंजिन कितीचं? मागं वझं हाय का?”

तिने सांगितलं.

“व्हईल. वेळ हाय.”

“तू सरकारला खरं का सांगितलंस आजा? सगळ्या गावाने खोटं सांगायचं ठरवलं असताना?”

“गावानं बरोबर ठरवलं व्हतं. डोह लपवायलाच पायजे. पन दर्यात लपवलेली वाट कवा ना कवा कुनाचा जीव मागते. खरं कुठंतरी ठेवायला पायजे व्हतं, जिथं कोन हात लावनार नाय. मी इचार केला, माज्या तोंडापरीस सुरक्षित जागा कोनती? मी बोललेलं खरं मानतंय कोन?”

“मी तुला एक गुण दिला होता.”

“मना ठावं हाय. मी तर शून्याची आशा केली व्हती.”

केंद्राचे प्रमुख निमकर साहेब निवृत्तीला चार महिने उरलेले, सावकाश चालणारे, सावकाश वाचणारे गृहस्थ होते. हेमांगीने त्यांच्यापुढे नकाशा ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर सारला.

“म्हणजे गाव तुमचं, आजोबा तुमचे, आणि पुरावा काय, तर नकाशावर काहीच दिसत नाही, हा?”

“हो सर. अकरा होड्यांचं दहा वर्षं एकाच जागी काहीच दिसलं नाही. आणि अकरा माणसं एका वाक्यात बोलली. खरं सांगणारी माणसं थोडी थोडी वेगळी बोलतात. ठरवून सांगणारीच तंतोतंत जुळतात.”

“वाक्य चांगलं आहे. पण आपल्या गावचा नियम आपण बदलायचा नाही, हा दंडक माहीत आहे ना?” ते सहाशे तेराव्या नियमाकडे बघत राहिले. “ही पत एक कुणी लिहिली?”

“मी.”

“चुकीची होती?”

“हो सर. तो माशांबद्दल खोटं बोलतो, पाण्याबद्दल नाही. त्याचे एकेचाळीस नियम मी आत्ता ताडून पाहिले, एकही आजवर खोटा पडलेला नाही. पाण्याची आणि माशांची पत मी एकाच आकड्यात कोंबली.”

निमकरांनी चष्मा खाली घेतला. “म्हणजे तुम्ही गावचा नियम बदलत नाही आहात. स्वतःची लेखनातली चूक दुरुस्त करता आहात. त्याला कुठलाही दंडक आडवा येत नाही.” आणि त्यांनी सही केली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या झटपट केलेली ती त्यांची एकमेव सही.

वाटाड्याने सल्ला फिरवला: दक्षिणेची वाट. कायद्याप्रमाणे खाली कारण आणि नाव. मिनिटाभरात इक्बालची हाक आली.

“ताई, जोमा तांडेल म्हणजे तो कराचीवाला?”

हेमांगीने डोळे मिटले. आजाची कीर्ती तिच्या अपेक्षेपेक्षा लांब गेली होती.

“तोच.”

“थट्टा करताय काय? आमच्या बंदरावर पोरांना झोपवताना त्याच्या गोष्टी सांगतात! त्याच्या शब्दावर मी सतरा माणसं खडकात घालू?”

“तो माझा आजा आहे. त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास मी ठेवला होता. आज ठेवते आहे. तुम्ही त्याच्याशीच बोला.”

तिने दोन्ही फोन जोडले. मग जे झालं, ते केंद्रातली माणसं अजून नवख्यांना सांगतात. वादळाच्या घोंगावण्यात एक म्हातारा आवाज एकसुरात वाट सांगत होता. खडक डाव्या हाताला ठेव, चाळीस हातांवर. इंजिन अर्ध्यावर आण. मागचा दोर आखूड कर. दोरीला शिसं बांधून तळ बघत राहा. शिशाला चिकट काळा गाळ लागला, तर बरोबर. वाळू लागली, तर डावीकडे सरक. शिंपल्याची कच लागली, तर उजवीकडे. पुन्हा शिसं टाक. काय लागलं? पुन्हा टाक. चाळीस मिनिटांत त्या आवाजात एकही विनोद आला नाही, एकही मासा आला नाही. हेमांगी ऐकत होती. आपला आजा असा बोलू शकतो, आणि हे सोडून आयुष्यभर तो दुसरंच बोलत राहिला, हे तिला एखाद्या राजाने भाजी विकावी तसं वाटलं.

सुरुवातीलाच एकदा इक्बाल आपल्या खलाशांना म्हणताना ऐकू आला, “चला रे दक्षिणेने. खोटं बोलणारा माणूस इतकं कंटाळवाणं बोलत नाही.”

एक वाजून अडतीस मिनिटांनी दोन्ही ट्रॉलर खाडीच्या आत होते. तासाभराने केंद्राच्या उडत्या कॅमेऱ्याने उत्तरेची वाट टिपली. तिथे वाट नव्हतीच. उघडी पडलेली वाळू होती, आणि तिच्यावर लाटा फुटत होत्या.

हेमांगी पाचच्या सुमाराला मोरखोलच्या धक्क्यावर पोहोचली. वारा पडला होता. अकरा तांडेल हाताची घडी घालून ओळीने उभे. कुणी तिच्याकडे बघेना.

“सतरा मानसं वाचली, बरं झालं,” बाळाराम पुटपुटला. “देवी बी रागवायची नाय. पन डोह गेला गो आपला.”

गेलाच होता. ती सगळ्यांबरोबर जाळ्यांच्या शेडमध्ये शिरली, तेव्हा इक्बाल होडेकर तिथे बसून चहा पीत होता आणि त्याचे डोळे चमकत होते. “काय मासा आहे तिथे!” तो खलाशांना सांगत होता. “मरणाच्या भीतीतही माझं यंत्राच्या पडद्याकडे लक्ष गेलं. नुसते ठिपके! हवामान निवळलं की...”

“निवळलं की काय?” कोपऱ्यातून जोमाने विचारलं. खाटेवर मांडी घालून तो बिडी पेटवत होता. आवाज पुन्हा नेहमीचा, तुपात घोळलेला. “जाळं टाकशील?”

“टाकायला काय हरकत आहे चाचा?”

“हरकत कसली? टाक की. ह्या अकरा वाघांना इचार, त्यांनी कशाला नाय टाकलं.” जोमाने एक झुरका घेतला. “खडकाला म्हातारीचा खडक कशाला म्हनतात, ठावं हाय? तिला जाळं आवडत नाय. आपन टाकतो ते वर येतंय, पन जाळं म्हनून नाय. सगळी गाठ न् गाठ उसवून, सुताचा गुंडा. नीट गुंडाळलेला. मी माज्या बापासंगं पयल्यांदा बघितला, तो हिरवा व्हता. आतमधी सुई खोचलेली.”

“सुई?”

“माशाच्या काट्याची. बाळारामच्या बापाचं तर नवीन जाळं व्हतं, तीन महिने विणलेलं.”

शेडमध्ये कुणी हसलं नाही. या माणसाने दुपारी सतरा जणांना पाण्यातून हात धरून आणलं होतं. इक्बालने हळूच मान वळवून बाळारामकडे पाहिलं. वजनात शेपूटसुद्धा न चोरणारा, पत नऊचा बाळाराम.

“खरं काय नाखवा?”

बाळारामने आभाळाकडे पाहिलं, देवीच्या देवळाकडे पाहिलं, जोमाकडे पाहिलं. मग घसा खाकरून गंभीरपणे म्हणाला, “गुंडा अजून घरात हाय. आमची आई त्याला हात लावू देत नाय.”

मागे उभ्या दहा तांडेलांनी एकामागून एक माना डोलावल्या. हेमांगीला ठसका लागला आणि तिला शेडच्या बाहेर जावं लागलं. कित्येक वर्षांनी ती आजाच्या थापेला हसत होती, तेही भिंतीला धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

पुढच्या महिन्याभरात तिने मोठं काम केलं. पत मोजायचा एकच आकडा मोडीत काढला. पाण्याची पत वेगळी, वाऱ्याची वेगळी, माशांची वेगळी. चाळणीला एक नवी गोष्ट शिकवली: जिथे फारच जुळतं, तिथेही लाल खूण कर. साऱ्या किनाऱ्यावर असे सत्तावीस खडे सापडले. प्रत्येक गावाने काही ना काही लपवलेलं होतं. निमकर साहेबांनी निवृत्तीच्या भाषणात तिचं नाव तीनदा घेतलं. पाण्याच्या रकान्यात जोमा तांडेलाची पत आता दहा आहे. किनाऱ्यावर तेवढी कुणाचीच नाही.

आणि मग एके सकाळी वाटाड्याकडे एक नवा नियम दाखल झाला. सांगणार इक्बाल होडेकर. ‘जर म्हातारीच्या खडकाच्या दक्षिणेने जात असाल, तर जावं, वाट उत्तम. पण तिथे जाळं टाकू नये. उसवतं.’ साक्षीला खालच्या किनाऱ्यावरचे सव्वीस तांडेल. त्यांपैकी प्रत्येकाने कुणाकडून तरी तो गुंडा पाहिल्याचं ऐकलेलं. चाळणीने सव्वीस जबान्या ताडल्या आणि शेरा दिला: ‘संशयास जागा नाही. तपशील पुरेसे वेगवेगळे आहेत.’ खरोखरच होते. कुणाचा गुंडा हिरवा, कुणाचा तांबडा, एकाचा तर जरीचा. फक्त मंजुरीची एक कळ दाबायची राहिली होती, आणि ती हेमांगीच्या हातात होती. मंजूर केला तर तिच्या सहीने एक थाप नियमांत जाणार. नामंजूर केला तर कारण द्यावं लागणार.

तिने फोन उचलला. “आजा, खरं सांग. गुंड्याचा रंग कोणता होता?”

“कोन इचारतंय, त्यावर हाय,” जोमा म्हणाला.

हेमांगीने फोन ठेवला आणि नियमापुढे लिहिलं: ‘तपास चालू.’ या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. किनाऱ्यावरच्या सर्वांत कडक तपासनिसाचा तेवढा एकच तपास अजून पुरा व्हायचा आहे, आणि डोहात जिताडा जोरात आहे.